दोन भोकांचं खोकं

६ तारीख, गुरुवार

हिने फोनवरून हुकूम सोडला आहे. "अहो, नुसतं करवादत बसू नका. रोज निदान एका गोष्टीचे आभार माना आणि लिहून ठेवा. मन ताळ्यावर राहील."

ही म्हणजे माझी बायको. ती सध्या दुसऱ्या गावी, मोठ्या हॉस्पिटलशेजारी खोली घेऊन लेकीपाशी राहिली आहे. लेकीला मुलगा झाला, पण पठ्ठ्या वेळेच्या फार आधी आला. हॉर्न नाही, हात दाखवणं नाही, थेट वळला. त्याला नवजात बाळांच्या विभागात ठेवलंय. जीव धोक्याबाहेर आहे म्हणतात, पण वजन तोळामासा. जावईबापू इथल्या कारखान्यात पाळ्या करतात आणि सुट्टी मिळाली की तिकडे पळतात. लेकीची थोरली, वय वर्षं चार, ती माझ्या पदरात टाकली आहे.

तिला आम्ही मुंगी म्हणतो. दिवसभर काही ना काही इथून उचलून तिथे नेते. सकाळपासून माझा चष्मा, दोन चमचे आणि साबणाची वडी जागेवर नाहीत.

मी जन्मभर लोकांना गाडी शिकवली. शिकाऊ गाडीत मास्तरच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की आपण दाबायचा. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण उजवा पाय अजून कामावर जातो. मुंगीने दुधाचा पेला उचलला की माझा पाय जमिनीत रुततो. पेला मात्र थांबत नाही.

आजचे आभार: कुकरच्या शिट्टीचे. भात करपायच्या आत ओरडली.

७ तारीख, शुक्रवार

मुंगीच्या बालवाडीत शुक्रवार हा बघण्याचा वार. घरचं एक माणूस येऊन कोपऱ्यात बसतं आणि आपलं पोर खेळताना बघतं. आज माझी पाळी.

तिथली ताई तरुण आहे, कोपरापर्यंत रंगाने माखलेली. तिने मला एक बुटकं स्टूल दिलं. त्यावर बसल्यावर माझे गुडघे कानाला लागायचे बाकी राहिले.

"आजोबा, हात मांडीवर. ती काय करते ते बघायचं. का करते ते आपण ठरवायचं नाही. सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल."

"आणि चुकली तर?"

"चुकू द्यायचं."

"पडली तर?"

"पडल्यावर उचलायचं. आधी नाही."

बघ्याची भूमिका घेणाऱ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली. उतारवयात तीच माझ्या वाट्याला आली.

मुंगीने पाण्याच्या घमेल्यातून नरसाळ्याने बाटली भरली. वर सांडेपर्यंत भरली. पुन्हा रिकामी केली आणि पुन्हा भरली, आता मात्र गळ्याशी आल्यावर थांबली. कुणी सांगितलं नव्हतं. मग निळ्या रंगाने माखलेला हात पिवळ्या रंगात बुडवला आणि हिरवा झालेला तळवा उलटा करून मागून बघितला, मागेही हिरवा झालाय की काय म्हणून. घमेलं कलंडायला आलं तेव्हा माझा पाय असा काही दाबला गेला की स्टूलच मागे सरकलं आणि सगळी पोरं खिदळली.

निघताना ताईने मला बाजूला घेतलं. "ही आधी अखंड बडबडायची. हल्ली कानात सांगितल्यासारखं बोलते. घरीही असंच का?"

मी म्हटलं, असंच. शहाणी झाली म्हणून आम्हाला बरं वाटत होतं.

ताईने मुंगीच्या उलट्या घातलेल्या चपला सरळ करून दिल्या.

आजचे आभार: स्टुलावरून उठता आलं.

९ तारीख, रविवार

जावईबापू जेवायला आले होते. जेवण झाल्यावर लेकीचा फोन लावला. मी बोललो, ते बोलले. मग फोन मुंगीच्या कानाला लावला. पलीकडून लेक हाका मारतेय, "मुंगे, अगं माझी राणी, बोल ना," आणि ही ओठ घट्ट मिटून बसलेली. शेवटी फोन माझ्या हातात ठेवून आत पळाली.

"असंच करते सध्या," जावईबापू म्हणाले. "मागे एकदा नेलं होतं ना तिला हॉस्पिटलात. बाहेरच्या काचेतून दाखवलं बाळ. सिस्टरांनी हिला कडेवर घेऊन चांगलं जवळून दाखवलं. मी आधीच बजावलं होतं, अजिबात आवाज करायचा नाही, बाळाला त्रास होतो. शहाण्यासारखी राहिली. एक शब्द काढला नाही."

"आणि परत येताना?"

"तेव्हाही नाही."

आमच्या हिचं निदान तयार आहे. वाटेकरी आला म्हणून पोर आईवर रुसलंय. पहिल्या मुलांचं असंच असतं. मलाही ते पटलं. काल मी तिला विचारलं होतं, बाळ आवडलं का, तर तिने मान फिरवली.

लेकीने मला परत फोन केला. आवाज जड झालेला. "बाबा, आम्ही घरी येऊ तेव्हा ती माझ्याकडे येईल ना हो?"

"न येऊन सांगते कुणाला," मी म्हटलं. फोन ठेवला. तिकडे एक लेकरू मोठं व्हायचं म्हणून इकडे दुसरं हातचं जाणार की काय, असलं काहीतरी मनात आलं. लिहू नये, पण ही डायरी माझी आहे.

आज आभार सुचत नाहीत.

११ तारीख, मंगळवार

माझ्या नव्या बुटांचं खोकं मुंगीने ताब्यात घेतलं.

ताईची शिस्त घरीही पाळायची ठरवून मी खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसलो. तिने खोक्याच्या लांब बाजूला पेन्सिलीने टोचायला सुरुवात केली. टोचून टोचून एक भोक पडलं, त्यात बोट जाईना. मग मुलांची बोथट कात्री आणली. कात्री चालेना. जीभ बाहेर काढून ती पुन्हा पुन्हा तेच करत होती. शेवटी मूठ वळून खोक्यावर टेकवली, मुठीभोवती खडू फिरवला आणि त्या रेघेवरून कापत गेली. भोकातून मूठ जाते का बघितली, अडकली. थोडं आणखी कापलं. गेली! मग तसंच दुसरं, पहिल्याच्या बाजूला.

माझा पाय तासभर दाबलेला होता. पोटरीत गोळा आला. पण बोललो नाही. मोठमोठी माणसं लहान जागेत गाडी लावताना एकदा अडकली की रडकुंडीला येतात, आणि ही चार वर्षांची पोर आधी आपली मूठ मोजते.

आजचे आभार: मी गप्प राहिलो त्याचे.

१२ तारीख, बुधवार

माझा एक राखाडी मोजा गायब. सगळं घर पालथं घातलं. मिळाला कुठे, तर मुंगीच्या खोक्यात. नीट गुंडाळी करून ठेवलेला. गुंडाळीला एका टोकाशी चिंधीची पट्टीही बांधलेली. मोज्याला डोळे आले होते की काय देव जाणे.

खोक्यावर झाकण नाही, वर चॉकलेटचा निळा पारदर्शक कागद चिकटवलाय. आणि एक लोकरीचा धागा मोज्यापासून निघून बाहेर ठेवलेल्या रिकाम्या औषधाच्या बाटलीत गेलाय.

दुसरा मोजा एकटा पडला. मी पायात एक राखाडी आणि एक काळा घालून बाजारात गेलो. कुणी बघितलं नाही. बघणारे तरुण होते, त्यांना ती फॅशन वाटली असेल.

१४ तारीख, शुक्रवार

पुन्हा बघण्याचा वार. आज माझ्या स्टुलावर ताईने उशी ठेवली होती. तिचे आभार, मनापासून.

मुंगी आज कुठल्याच खेळाला हात लावायच्या आधी नळावर गेली आणि हात धूत बसली. मनगटापर्यंत नाही, थेट कोपरापर्यंत. बोटांच्या बेचक्यांत, नखांत. हात वर धरून निथळत ठेवले, फ्रॉकला पुसले नाहीत. घरीही हेच चाललंय. पाण्याची नासाडी म्हणून मी काल नळ बंद केला, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच तो परत सोडला.

चिकटकामाच्या टेबलाशी शेजारचा मुलगा मोठ्याने गात होता. ही त्याच्याकडे वळून ओठांवर बोट ठेवते. "शू!"

१५ तारीख, शनिवार

मला कळलं! इतके दिवस डोळ्यांसमोर होतं आणि मी आंधळा.

दुपारी बघितलं तर मुंगी खोक्यापुढे मांडी घालून बसलेली. दोन्ही भोकांतून दोन्ही हात आत. पाठ ताठ, नजर समोरच्या निळ्या कागदावर. हातांमधलं अंतर बघा! दहा वाजून दहा मिनिटं झाल्यासारखे हात. हजारो लोकांना मी ओरडून ओरडून शिकवलं तसे हात. कितीतरी वेळ अशीच बसून. काही करत नव्हती, नुसती धरून होती. सरळ रस्ता लागल्यावर उगाच चाक हलवायचं नसतं, तसं.

पोरगी गाडी चालवतेय!

मग सगळ्याचा उलगडा झाला. निळा कागद म्हणजे पुढची काच. मोजा म्हणजे इंजिन. लोकरीचा धागा म्हणजे पेट्रोलची नळी आणि बाटली म्हणजे टाकी. हात कोपरापर्यंत का धुते? मी गाडीचं काम झाल्यावर धुवायचो, तसे. आजीने सांगितलं असणार.

मी हळूच म्हटलं, "हॉर्न वाजव की. पीं पीं!"

तिने दचकून मान वळवली. "शू!" म्हणाली, एवढ्याशा आवाजात. "इथे नाही वाजवायचं."

शांतता विभागात हॉर्न वाजवू नये, हा नियम लायसन मिळालेल्या माणसांनाही माहीत नसतो. माझं ऊर भरून आलं. मूल रक्तात काय काय घेऊन येतं! हिला फोन करून सांगितलं, तर ही म्हणते, "तुमच्यावर गेली म्हणजे कठीणच आहे." पण तिलाही आनंद झाला, मला आवाजावरून कळतं.

आजचे आभार: माझ्या धंद्याचे. घरात कुणाला तो घ्यावासा वाटला.

१६ तारीख, रविवार (सकाळ)

जावईबापू हॉस्पिटलला गेलेत. मुंगी अजून झोपली आहे. मी पहाटे उठून कामाला लागलो. तिच्या गाडीत ज्या त्रुटी होत्या त्या दूर केल्या. दोन्ही भोकं पुठ्ठा लावून आणि चिकटपट्टी मारून बुजवली, कारण स्टिअरिंग भोकांत नसतं. त्या जागी डब्याचं गोल झाकण स्क्रूने असं बसवलं की खरंच फिरतं. चार झाकणांची चार चाकं. दोन बुचांचे दिवे, त्यावर चांदीचा कागद. निळ्या कागदाचा काही उपयोग नव्हता, काढला, स्वच्छ पारदर्शक लावला. लोकरीचा धागा तोडून टाकला. इंजिनाच्या जागी काड्यापेटी ठेवली. मोजा धुऊन दोरीवर वाळत घातला, नाहीतरी मळला होताच.

अशी गाडी कुणा आजोबाने कुणा नातीला दिली नसेल. आता फक्त ती उठायची वाट.

१६ तारीख, रविवार (संध्याकाळ)

कसं लिहू?

ती डोळे चोळत आली. मी गाडी पुढे केली. ती गाडीकडे बघतच नव्हती, वरून आत वाकून शोधत होती. काड्यापेटी उचलून खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग खिडकीतून तिची नजर बाहेर दोरीवर गेली. मोजा चिमट्याने लटकत होता.

असं रडणं मी कधी ऐकलेलं नाही. आणि तेही आवाज दाबून, दोन्ही हात तोंडावर धरून. मी मोजा काढून दिला, ओला. तिने तो छातीशी धरला आणि पलंगाखाली जाऊन बसली. मी जमिनीवर आडवा पडून विनवण्या केल्या. या वयात पलंगाखाली शिरता येत नाही.

एका मोज्यासाठी इतकं? मला कळत नाही. पण काहीतरी मोडलं आणि ते माझ्या हातून मोडलं, एवढं कळतं.

१८ तारीख, मंगळवार

खेळत नाही. एकही वस्तू इकडची तिकडे नाही. चष्मा ठेवला तिथेच सापडतो आणि मला ते सहन होत नाही. भात चिवडते. मोजा उशीखाली आहे. गाडी कोपऱ्यात उभी आहे, दिवे चमकवत.

हात धुणंही बंद झालं.

लेकीला सांगितलं, सगळं छान आहे.

२१ तारीख, शुक्रवार

बालवाडीत मुंगी आज नुसती बसून होती. ताई तिच्या शेजारी जाऊन बसली, कितीतरी वेळ, काही न विचारता.

मधल्या सुट्टीत मी ताईला सगळं सांगितलं. भोकं, स्टिअरिंग, दिवे, सगळं. वाटलं होतं, ती म्हणेल, आजोबा, केवढी मेहनत घेतलीत.

ती म्हणाली, "ती गाडी आहे असं तिने सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? दिसत होतं की."

"तुम्हाला."

मला राग आला. घरी येईपर्यंत टिकला, मग गेला. ताईलाही माहीत नाही ते खोकं काय होतं. पण तिला माहीत नाही हे तिला माहीत आहे. माझी गाडी तिथेच अडली.

"आता काय करू?" मी निघताना विचारलं होतं.

"मला नाही सांगता यायचं, आजोबा. जवळ बसा. दार ती उघडेल, आपण बाहेर थांबायचं."

थांबणं. मला तेवढंच कुणी शिकवलं नाही.

२४ तारीख, सोमवार

आज जे बघितलं ते नीट, सावकाश लिहितो.

आमच्या हिला सर्दी झाली म्हणून बाळाच्या विभागात जायला बंदी आली. लेकीपाशी कुणीतरी हवं होतं आणि जावईबापूंना सुट्टी नव्हती. मुंगीला ताईकडे सोडून मी सकाळच्या बसने गेलो. इतके दिवस मी गेलो नव्हतो. कारणं बरीच सांगितली, खरं कारण भीती. एवढंसं मूल बघवणार नाही असं वाटत होतं.

दारात सिस्टरनी अडवलं. "आजोबा, हात. कोपरापर्यंत. नखं पण."

मी नळाखाली हात धरले. कोपरापर्यंत. बोटांच्या बेचक्यांत. हात वर करून निथळत ठेवायला सांगितले. कुठेतरी बघितलं होतं हे.

मग काचेपलीकडे नेलं. एक पारदर्शक पेटी होती. वरून निळा उजेड. आत मुठीएवढं काहीतरी गुंडाळलेलं, डोळ्यांवर पट्टी, एक बारीक नळी आतून निघून बाहेर गेलेली. पेटीच्या बाजूला दोन गोल भोकं. आणि माझी लेक पाठ ताठ करून बसलेली, दोन्ही भोकांतून दोन्ही हात आत. एक हात बाळाच्या डोक्याशी, एक पायांशी. काही करत नव्हती. नुसती धरून होती.

मी तिथेच मटकन खाली बसलो.

सिस्टर धावत आल्या. पाणी दिलं. "आजोबा, घाबरू नका. बाळ छान आहे, वजन चढतंय. आता तर बाहेर काढायचं बघतोय."

"बाळासाठी नाही हो सिस्टर," मी म्हटलं. "मोज्यासाठी."

त्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मला रडू आवरत नव्हतं. माझी चार वर्षांची नात आपल्या भावाला रोज हात धुऊन धरून बसत होती, आणि मी त्याला दोरीवर चिमटा लावून टांगला.

लेक भोकाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटत होती. मी सिस्टरना विचारलं, बोललेलं चालतं का? म्हणाल्या, "हळू आवाजात, हो. आईचा आवाज ऐकला की शांत होतो. ओळखतो तो."

आणि मग जावईबापूंचं ते वाक्य आठवलं. अजिबात आवाज करायचा नाही, बाळाला त्रास होतो. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोर रुसलेली नव्हतीच. आई फोनवर बोलते ती बाळाजवळून. म्हणून ही गप्प. तिने तेव्हापासून सगळ्या जगाशीच हळू बोलायला घेतलं होतं.

लेकीला बाहेर आल्यावर सगळं सांगितलं. मोज्याचंही, लपवलं नाही. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि मग हसायला लागली. "बाबा, दिवे पण लावलेत?"

"लावले ना. चांदीच्या कागदाचे."

आजचे आभार मोजायला बसलो तर सिस्टर, पेटी, नळ, बस, ताई, सगळेच येतात.

२५ तारीख, मंगळवार

सकाळी पहिल्यांदा मनात आलं की गाडीचं परत खोकं करून ठेवावं. स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाही. मग ठेवला. दुरुस्तीच तर नडली होती.

मी खोकं, कात्री, निळा कागद आणि लोकरीचा गुंडा जमिनीवर मांडला. नळावर जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत. हात वर धरून तिच्यासमोर येऊन बसलो आणि थांबलो.

ती उशीखालचा मोजा घेऊन दारात उभी होती. खूप वेळ बघत राहिली. मग जवळ आली आणि माझी बोटं एकेक करून तपासली.

"नखं?"

"धुतली."

मग कामाला लागली. स्टिअरिंग तिला निघेना. तिने माझ्याकडे बघितलं, तेव्हाच मी स्क्रू सोडवला. भोकांवरच्या पट्ट्या तिने स्वतः सोलल्या, चाकं आणि दिवे काढून बाजूला ठेवले. निळा कागद लावला. नवा धागा बाटलीत सोडला. मोजा नाकाशी नेला, साबणाचा वास आला असावा, कपाळाला आठी पडली. तरी नीट गुंडाळून, पट्टी बांधून आत ठेवला.

"आजोबा, तू हा हात घाल."

माझा हात जाईना. भोक तिच्या मुठीच्या मापाचं.

तिने विचार केला. "बोटं चालतील."

तर मी चार बोटं आत घालून बसलो, आणि दुसऱ्या भोकातून तिचा हात. मोजा मऊ होता. पाय दाबला गेला नव्हता, हे नंतर लक्षात आलं.

"मी काल आईला बघितलं," मी हळूच म्हटलं. "ती बाळाशी बोलते. इथे तोंड लावून. सिस्टर म्हणाल्या, हळू बोललं तर त्याला आवडतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "त्याला त्रास नाही होत?"

"नाही गं राणी. ऐकलं की शांत होतो. मी बघून आलोय."

तिने हात बाहेर काढला. भोकाला तोंड लावलं.

"ए," ती म्हणाली. "मी मुंगी. आजोबांनी तुला चुकून धुतलं. आता नाही धुणार."

२६ तारीख, बुधवार

संध्याकाळी फोन. मुंगीने तो माझ्या हातातून ओढून घेतला. अडवलेलं पाणी सोडावं तसं सगळं बाहेर आलं. नरसाळं, हिरवा हात, गाणाऱ्या मुलाला गप्प कसं केलं, भात कसा करपतो. "आणि आई, आजोबांना ती गाडी वाटली!" माझी पार शोभा केली. लेक पलीकडे हसत होती की रडत होती, सांगता येणार नाही.

शेवटी मुंगी म्हणाली, "आई, सिस्टरना विचार आणि फोन भोकाशी धर."

पलीकडून कुजबुज ऐकू आली. मग परवानगी मिळाली असावी, कारण मुंगीने आवाज बारीक केला.

"ए, मी मुंगी. तू झोप. मी बोलले तरी चालतं."

मी स्वयंपाकघरात गेलो. भात लावायचा होता. भात काही लावला नाही.

पुढच्या महिन्याची १४ तारीख, रविवार

बाळ घरी आलं.

सकाळपासून मुंगीने आम्हा सगळ्यांना नळावर रांगेत उभं केलं होतं. हिला, जावईबापूंना, मला. नखांची तपासणी झाल्याशिवाय खोलीत प्रवेश नाही. ही म्हणते, "बाई गं, हॉस्पिटल परवडलं."

लेक आत आली तेव्हा मुंगी जागच्या जागी उभी राहिली. मग ती पळत जाऊन आईच्या कमरेला अशी बिलगली की लेकीला धरून बसवावं लागलं. लेकीने तिला किती वेळ कुरवाळलं. मी खिडकीबाहेर बघत होतो, दोरीकडे.

बाळाला पलंगावर ठेवलं. मुंगीने इकडे तिकडे बघितलं. "याची पेटी कुठे?"

"आता पेटी नको त्याला," लेक म्हणाली. "तो मोठा झाला."

बाळाला जागा नवी वाटली असावी, ते रडायला लागलं. आम्ही चार मोठी माणसं एकदम पुढे झालो. माझा पायसुद्धा निघाला होता, पण मी तो मागे घेतला. मुंगी पलंगावर चढली. पाठ ताठ केली. एक हात बाळाच्या डोक्याशी ठेवला, एक पायांशी. आणि काही केलं नाही, नुसती धरून बसली.

"ए, मी मुंगी," ती म्हणाली.

बाळ थांबलं. खरंच थांबलं. सिस्टर म्हणाल्या होत्या, ओळखतो तो. लेकीने माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली.

दुपारी सगळे झोपले होते. मी खुर्चीत बसलो होतो. मुंगी खोकं दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली. आत मोजा नव्हता. तो तिने बाळ आल्यावर काढून माझ्या कपाटात ठेवला होता, जोडीदाराजवळ. जेवणानंतर मी तीच जोडी पायात चढवली होती.

खोकं तिने माझ्या मांडीवर ठेवलं.

"बाळ बाहेर आलं. हे आता रिकामं आहे," ती म्हणाली. "आजोबा, आता कर तुझी गाडी."

स्टिअरिंगचं झाकण, चाकं, दिवे, सगळं मी खणात जपून ठेवलं होतं, का ते माहीत नाही. ते घेऊन आलो. मुंगीने चाकं कुठे लावायची ते सांगितलं, मी लावली. भोकं बुजवायची का, असं विचारलं. नको म्हणाली. मग दोघंही अडलो. इंजिन नव्हतं, काड्यापेटी कधीच स्वयंपाकघरात परत गेली होती.

तिने थोडा विचार केला, खाली बसली आणि माझ्या उजव्या पायातला मोजा ओढून काढला. ब्रेकच्या पायातला. गुंडाळून आत ठेवला आणि म्हणाली, "चल."

आजचे आभार लिहायचे राहतात. एक पाय उघडा आहे आणि फरशी गार लागते. मोजा परत मागणार नाही.